गॅस गिझर: बिघाड कोणता, धोका कोणता

थंडी सुरू झाली की बारामती-इंदापूर भागातल्या घरांत पहाटे एक तक्रार हमखास ऐकू येते: गिझर पेटत नाही. फजरच्या वुजूला गरम पाणी हवे असते, मुलांची रिक्षा सातला दारात येते, आणि मेकॅनिक म्हणतो, "संध्याकाळी येतो." आमच्या जळोचीतही हेच चित्र आहे. शाळेत पालकसभेला आलेल्या भगिनी मुलांच्या अभ्यासाबरोबर हाही प्रश्न विचारतात, म्हणून या वेळचे सदर गिझरसाठी.

गिझरच्या काही तक्रारी घरच्या घरी सुटतात. काहींना हात न लावता जाणकार माणूस बोलवावा लागतो. आणि एक धोका असा आहे की त्यात गिझर अगदी व्यवस्थित चालत असतो.

आधी गिझर चालतो कसा, हे थोडक्यात समजून घेऊ. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो आणि एक छोटे बटण दाबले जाते. मग सेलवर ठिणगी पडते (तीच ती टिकटिक), गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतो. वर तांब्याच्या नळीतून वाहणारे पाणी त्या आचेने तापते. म्हणजे पाण्याचा दाब, सेल आणि गॅस या तिघांपैकी एक जरी कमी पडला, तरी काम अडते.

टिकटिक होतच नसेल, तर आधी सेल पाहा. बहुतेक गिझरला दीड व्होल्टचे दोन मोठे सेल लागतात. दोन्ही एकदम बदला. एक जुना, एक नवा चालत नाही. अधिक-उणे टोके खुणेप्रमाणे बसवा. पट्टीवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर कोरड्या कापडाने पुसा. उन्हाळ्यात गिझर वापरात नसेल तेव्हा सेल काढून ठेवले, तर ते आत पाझरत नाहीत.

नवे सेल घालूनही आवाज येत नसेल, तर पाण्याचा दाब कमी आहे. टाकी गिझरपेक्षा साधारण सात-आठ फूट तरी उंच हवी. एकमजली घरांत टाकी स्लॅबवरच टेकवलेली असते, तिथे ही अडचण नेहमी येते. टाकीखाली चौथरा बांधणे हा त्यावर पक्का उपाय आहे. टाकी उंच असूनही धार बारीक असेल, तर गिझरच्या पाण्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून धुवा. शॉवरची भोकेही तपासा.

टिकटिक होते पण ज्योत येत नाही, तेव्हा गॅस पोचत नाही. सिलिंडर संपला आहे का, रेग्युलेटर नीट बसला आहे का, हे बघा. नवा सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते, त्यामुळे दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. पण प्रत्येक वेळी नळ बंद करून मिनिटभर थांबा. सलग टिकटिक करत राहिलात तर न जळलेला गॅस साठतो आणि मग भडका उडतो. पहाटेच्या गारठ्यात सिलिंडरमधला गॅस कमी जोराने येतो. म्हणून काही जण सिलिंडर गरम पाण्यात ठेवतात. असे कधीही करू नका.

गिझर पेटतो आणि मध्येच विझतो, ही तक्रार फार येते. बऱ्याच गिझरमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. तो बिघाड नव्हे, राखण आहे. "ती वायर काढून टाकतो, मग बंद पडणार नाही," असे कोणी म्हणाले तर त्याला तिथेच थांबवा. धार फार बारीक ठेवली आणि पाणी जास्त तापले, तरीही गिझर स्वतःला बंद करतो. अशा वेळी नळ थोडा मोठा सोडा.

पाणी पूर्वीसारखे तापत नसेल तर क्षार हे कारण असू शकते. आपल्याकडे अनेक घरांत बोअरचे जड पाणी येते. बादलीला जसा पांढरा थर बसतो, तसाच तो तांब्याच्या नळीत आतून बसतो. आच पाण्यापर्यंत पोचत नाही आणि गॅस मात्र जळत राहतो. दरवर्षी थंडीपूर्वी मेकॅनिककडून नळी आणि बर्नर साफ करून घ्या.

आता, ज्याला हात लावायचा नाही ते. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली, गिझरवर काजळी धरली किंवा गॅसचा वास आला, तर गिझर त्या क्षणी बंद. वास येत असेल तर विजेचे कोणतेही बटण चालू-बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, हे लक्षात ठेवा.

सर्वांत मोठा धोका मात्र वासाने कळत नाही. गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. बंद बाथरूममध्ये गिझर चालू राहिला की तिथला ऑक्सिजन कमी होतो, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. कडी काढावी एवढीही ताकद उरत नाही. जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या बोरिवलीत पंधरा वर्षांची एक मुलगी अशीच आंघोळीला गेली आणि बेशुद्ध सापडली. ती वाचली नाही. डॉक्टरांनी या प्रकाराला 'गॅस गिझर सिंड्रोम' असे नावच दिले आहे.

आपल्या घरांत हा धोका वाढवणाऱ्या सवयी आहेत. थंडी लागते म्हणून झरोक्यात कागद कोंबतात. पडद्यासाठी खिडकीला पुठ्ठा ठोकतात. जुम्याला किंवा सेहरीआधी एकामागून एक चार जण आंघोळ करतात आणि शेवटच्याच्या वाट्याला सगळ्यांत खराब हवा येते. चक्कर आली की "गरम पाण्याने आली", "ॲसिडिटी असेल", "रोज्याने अशक्तपणा आला" म्हणून विषय संपतो. आंघोळीत चक्कर आली, तर आधी गिझरवर संशय घ्या.

उपाय एकच आहे: गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत न्या. खर्च थोडी नळी आणि प्लंबरची मजुरी एवढाच. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी घरमालकाशी हे स्पष्ट बोलावे. संकोच करण्याची ही बाब नाही. तोवर गिझर चालू करून बादली भरा, गिझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला आत जा. पडदाही हवा आणि हवाही हवी, तर खिडकीला उंचावर तिरप्या काचपट्ट्या लावा. दाराला खालीही फट किंवा जाळी हवी. नुसता एक्झॉस्ट फॅन पुरत नाही. बाहेरची हवा आत यायलाही वाट लागते.

आत गेलेल्या माणसाला दहा मिनिटांनी हाक मारायची सवय लावा. उत्तर आले नाही तर वाट पाहू नका. बाहेरून गॅस बंद करा आणि दार तोडा. आत मुलगी किंवा सून असेल तर घरातल्या बाईने चादर घेऊन पुढे व्हावे, पण लाजेपायी एक मिनिटही घालवू नये. माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे शब्द आवर्जून सांगा. ते कळले तर ऑक्सिजन लगेच सुरू होतो.

आज मगरिबपूर्वी घरातल्या मोठ्यांना आणि मुलांना बरोबर घेऊन गिझरपाशी उभे राहा. झरोक्यात काय कोंबले आहे ते काढा, ज्योतीचा रंग मुलांना दाखवा, आणि दहा मिनिटांच्या हाकेचा नियम त्यांच्याकडून पाठ करून घ्या. अल्लाह सर्वांना आपल्या हिफाजतीत ठेवो. आमीन.