थेंब कुठून पडतोय ते आधी बघा, मग पाना उचला



आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. पण वाचा, शेवटी विषय आपल्या रानातच येतो.

आमची जुनी डिझेल जीप आहे. कांद्याचं रोप, खताच्या गोण्या, घरची माणसं, सगळं तिच्यावरच. मागं इंजिनच्या मागच्या बाजूनं ऑइल गळायला लागलं. गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्स उतरवून ऑइल सील बदललं. दोन महिन्यांत परत गळती. परत गिअरबॉक्स खाली, परत सील, परत मजुरी. तिसऱ्यांदा डाग दिसला तेव्हा थोरल्या पोरानं सुट्टीच्या दिवशी बॉनेट उघडलं. तो चाकण एमआयडीसीत कामाला आहे. म्हणाला, "आण्णा, ब्रीदरचा पाइप कुणी बघितला का?"

पाइप काढला तर आत काळा गाळ गच्च बसलेला. इंजिनातल्या वाफेला बाहेर पडायला वाटच नव्हती. मग आतला दाब सीलच्या कडेनं ऑइल बाहेर ढकलत होता. पाइप डिझेलनं धुतला, वाळवून बसवला. गळती थांबली. खर्च शून्य. सील बिचारं चांगलं होतं, आम्ही दोनदा त्यालाच फाशी दिली.

हे कांद्यासारखंच झालं. पात पिवळी पडली की आपण दुकानातून बाटली आणतो आणि फवारतो. रोप उपटून मूळ कुजलंय का, हे बघत नाही. गळती हे लक्षण आहे, रोग दुसरीकडं असू शकतो.

पिंपरीत टाटा मोटर्स, चाकणला बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन. देशभर पळणाऱ्या गाड्या आपल्या बांधाला लागून तयार होतात. आणि आपण काय करतो? डिकीत ऑइलचा कॅन ठेवतो, कमी झालं की ओततो. माझं स्पष्ट मत आहे, ओतणं म्हणजे दुरुस्ती नाही. कुणी म्हणेल, ते मेकॅनिकचं काम आहे. पाना फिरवणं त्याचं काम असेल, पण शोधणं आपलं आहे. रोज गाडीजवळ आपण असतो, तो नाही.

शोधायचं कसं? रात्री गाडी सपाट जागी लावा, खाली पांढरा पुठ्ठा सरकवा. पुढची चाकं कुठं होती त्याची खूण करा. सकाळी डाग बघा.

काळा-तपकिरी, बुळबुळीत: इंजिन ऑइल.
लालसर आणि पातळ: बहुतेक पॉवर स्टिअरिंगचं ऑइल.
घट्ट, सडक्या अंड्यासारखा वास: गिअर किंवा डिफरन्शियलचं ऑइल.
हिरवं, गुलाबी किंवा केशरी, गोडूस वास: कूलंट.
फिकट पिवळसर, पातळ, चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलजवळ: ब्रेक ऑइल.
एसी लावून आल्यावर पुढं नुसतं स्वच्छ पाणी: घाबरू नका, ते एसीचं आहे.

डाग पडला त्याच्या बरोबर वरच गळती असेल असं नाही. ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं जातं. म्हणून इंजिन थंड असताना तो भाग पुसून कोरडा करा, वर टाल्कम पावडर मारा, दहा मिनिटं गाडी फिरवून आणा. इंजिन बंद करून बघा. सगळ्यात वर जिथं पावडर ओली झाली, तिथं मूळ.

घरी काय करता येतं? होजचा क्लिप आवळणं, चिरलेला होज बदलणं, ड्रेन प्लगचं वॉशर बदलणं, ब्रीदर साफ करणं. टॅपेट कव्हरचं गॅस्केटही जमतं, फक्त बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. जोर लावू नका. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की शंभराचं काम हजारात जातं.

काय करायचं नाही? गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, वाफ तोंडावर येते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. आणि ब्रेक ऑइल गळतंय अशी शंका जरी आली, तरी गाडी हलवायची नाही. लायनर झिजतात तशी ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरते, पण अचानक उतरली तर ती गळतीच समजा. मेकॅनिकला घरी बोलवा. भीमाशंकरच्या रस्त्याला उतारावर पेडल खाली गेलं तर हाती काही राहत नाही. त्या टाकीत चुकून इंजिन ऑइल ओतू नका, आतली रबरं फुगून निकामी होतात.

आता रानाचं. ज्या ओट्यावर गाडी गळते, तिथंच आपली कुत्री, वासरं, लेकरं असतात. कूलंट चवीला गोड असतं पण विषारी आहे. कुत्र्यानं थोडं चाटलं तरी किडन्या जातात. सांडलं की लगेच माती टाकून भरून घ्या, मग ती जागा भरपूर पाण्यानं धुवा, जनावरं तिथं फिरकू देऊ नका. आणि काढलेलं जळकं ऑइल बांधावर ओतू नका, जनावराच्या जखमेला लावू नका. त्यात धातूचा चुरा असतो. सरकारी नियमातही ते घातक कचऱ्यात धरलंय. कॅनमध्ये साठवा आणि अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्या. कंपन्यांच्या सांडपाण्यावर इंद्रायणीच्या नावानं आपण ओरडतो ते रास्तच आहे. पण विहिरीशेजारी आपणच कॅन उपडा केला, तर ओरडायला तोंड कुठलं?

आज रात्री एक पुठ्ठा गाडीखाली टाका. ट्रॅक्टरखाली पण. सकाळी काय दिसलं ते खाली लिहा, फोटो टाका. मिळून शोधू.