बलवानाने आधी विचारावे

पत्त्यांचा डाव म्हटला की आपल्या मध्यमवर्गीय घरांतून दोनच चित्रे डोळ्यांपुढे येतात : उन्हाळ्याच्या सुट्टीतील बदामसात, नाहीतर जुगाराचा अड्डा. या दोहोंतही न बसणारा ब्रिज त्यामुळे आपल्याकडे उपेक्षितच राहिला. वस्तुतः सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा रमीतील नशिबाचा भाग ब्रिजमधील पत्तेवाटपाइतपतच आहे, असा दाखला दिला होता. 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ दे सरकार या साठीच्या घरातील जोडीने सुवर्णपदक मिळविले. 2023 साली हांगझौ येथे भारताच्या पुरुष संघाने रौप्यपदक आणले. तरीही या खेळात शिकण्यासारखे काय आहे, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. माझ्या मते त्याचे उत्तर पत्ते टाकण्यापेक्षा बोलीत अधिक आहे. आणि त्यातही अतिशय बलवान पानांची पहिली बोली व तिला भिडूने द्यावयाचे उत्तर यांत आहे.

ब्रिजमध्ये समोरासमोर बसलेल्या दोन भिडूंना एकमेकांची पाने दिसत नाहीत. आपण मिळून किती हात करू शकू हे त्यांनी बोलीतूनच ठरवावयाचे असते. त्यासाठी सात पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर चार रंग व बिनहुकमी अशा पाच, म्हणजे एकूण 35 बोल्या आहेत. पास, डबल आणि रिडबल धरून ही अवघ्या 38 शब्दांची भाषा होते. शिवाय प्रत्येक बोली आधीच्या बोलीहून चढी असावी लागते. ओलांडलेली पायरी पुन्हा मिळत नाही. अर्थशास्त्र ज्याला दुर्मीळ साधन म्हणते, ते येथे शब्द हेच आहे.

अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी 1925 साली एका जलप्रवासात आजच्या ब्रिजची गुणपद्धती बसविली. जितके बोलाल तितक्याचेच मोठे बक्षीस, हे तिचे मर्म. त्यामुळे बोलीला महत्त्व आले आणि एक पेच उभा राहिला. एक्क्याला 4, राजाला 3, राणीला 2 व गुलामाला 1 असे गुण धरले, तर गड्डीत एकंदर 40 गुण होतात. समजा, एकट्याकडेच 26 गुण आले. त्याने ‘एक इस्पिक’ म्हटले, तर रिकाम्या पानांचा भिडू पास देईल आणि गेम हातचा जाईल. एकदम ‘चार इस्पिक’ म्हटले, तर भिडूकडे काय आहे हे विचारावयास जागाच उरणार नाही.

1930 च्या दशकात एली कल्बर्टसन यांनी यावर उपाय सांगितला : कोणत्याही रंगाची ‘दोन’ची बोली म्हणजे भिडूने पास देऊ नये असा आदेश. परंतु 22 किंवा अधिक गुणांची पाने सुमारे 240 वाटपांत एकदा येतात. क्वचित येणाऱ्या पाहुण्यासाठी घरातल्या चार खोल्या बंद ठेवण्यासारखेच हे होते. पुढे बहुतेकांनी ‘दोन किलवर’ ही एकच बोली या कामासाठी राखली. तिचा किलवर रंगाशी संबंध नाही. तिचा अर्थ इतकाच की, माझी पाने फार बलवान आहेत, तू बोलत राहा. व्हँडरबिल्ट यांनी तर 1929 सालीच ‘एक किलवर’ ही सर्वांत खालची बोली बलवान पानांना दिली होती. तोच विचार सी. सी. वेई यांच्या प्रिसिजन पद्धतीत आला, आणि ती वापरून तैवानचा संघ 1969 साली जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

यातील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याच्याजवळ सर्वाधिक बळ, तो सर्वांत हलक्या आवाजात बोलतो. कारण त्याला सांगावयाचे कमी आणि विचारावयाचे जास्त असते. या प्रश्नाची सारी किंमत भिडूच्या प्रामाणिक उत्तरावर अवलंबून असते. ‘दोन किलवर’ला ‘दोन चौकट’ हे रूढ नकारार्थी उत्तर आहे : मजजवळ सांगण्यासारखे काही नाही. नवख्या खेळाडूला हे म्हणण्याचा संकोच वाटतो. पाच बरी पाने असली की तो रंग बोलून मोकळा होतो, आणि त्या भरवशावर जोडी स्लॅमपर्यंत चढून आपटते.

एक उदाहरण घेऊ. इस्पिकचा एक्का, राजा, राणी, गुलाम, दहा व एक लहान पान. बदामचा एक्का, राजा, राणी. चौकटचा एक्का व राजा. आणि किलवरची दोन लहान पाने. हे झाले 26 गुण आणि जवळजवळ नक्की असे 11 हात. बारावा हात म्हणजे स्लॅम. तो भिडूकडे किलवरचा एक्का आहे की नाही यावर ठरतो. भिडूने आधी ‘दोन चौकट’ म्हणून आपला दुबळेपणा सांगितला. इस्पिक हुकूम ठरल्यावर बलवान भिडू ‘चार बिनहुकमी’ म्हणून एक्के विचारतो. ‘पाच किलवर’ म्हणजे एकही नाही. मग पाच इस्पिकवर थांबावे, 11 हात आहेतच. ‘पाच चौकट’ म्हणजे एक एक्का, आणि तो किलवरचाच असणार, कारण बाकीचे तीन विचारणाऱ्याजवळ आहेत. सव्वीस गुणांच्या मालकाचा निर्णय चार गुणांच्या भिडूच्या एका खऱ्या शब्दावर ठरला.

दुसरी अट उघडेपणाची. या सांकेतिक बोल्यांचा अर्थ प्रतिपक्षालाही कळला पाहिजे. विचारल्यास तो सांगणे बंधनकारक आहे. भाषा सांकेतिक असावी, पण गुप्त नसावी. बोटांच्या खुणांनी ही अट मोडण्याचे आरोप जागतिक पातळीवरही झाले, म्हणूनच 1975 पासून अजिंक्यपद स्पर्धेत भिडूंच्या मध्ये आडपडदा आला. मायकेल स्पेन्स यांनी 1973 साली संकेतांचे अर्थशास्त्र मांडले, त्यात संकेत खर्चिक असेल तरच त्यावर विश्वास बसतो. ब्रिजमधील भिडूंचे हित एक असल्याने तेथे नुसता शब्दही पुरतो. मात्र तो खरा आणि उघड असला पाहिजे.

आपल्या कचेऱ्यांत व संस्थांत नेमके याच्या उलट घडते. वरिष्ठ प्रथम घोषणा करतो, मग विचारतो. आणि कनिष्ठाला ‘दोन चौकट’ म्हणण्याची सोय नसते. मग फुगविलेल्या अहवालांवर योजनांचे स्लॅम बोलले जातात. बलवानाने आधी विचारावे, दुबळ्याने निःसंकोच नाही म्हणावे आणि हे सारे सर्वांदेखत व्हावे, ही सवय विद्यार्थिदशेतच लागली तर बरे. महाविद्यालयाच्या जिमखान्यात कॅरमशेजारी ब्रिजचे एक टेबल मांडावयास खर्च तो किती? चार खुर्च्या आणि पत्त्यांचे दोन कॅट.