भूकंप आणि उद्यमबागेची पॉलिसी

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या घरांतील ज्येष्ठ मंडळी अजून सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी उद्ध्वस्त झाली. तो भाग तर तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा समजला जाई. २००२ च्या नकाशात बेळगाव तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आहे. तरीही उद्यमबागेत हा विषय काढला की कारखानदार हसण्यावारी नेतात.

'बँकेने विमा उतरवला आहे' एवढ्यावर ते निर्धास्त. पण तो विमा पुष्कळदा कर्जापुरताच असतो, आणि कर्ज फिटले की नूतनीकरण कोणाच्याच लक्षात राहत नाही, हे आम्ही बँकेत रोज पाहतो. पूर्वी अग्निविम्यात भूकंपासाठी जादा हप्ता लागे. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत भूकंप धरलेलाच आहे. मात्र विम्याची रक्कम जुन्या किमतीची असेल तर भरपाईही तुटपुंजीच मिळणार. फाउंड्रीत ठेवलेले ग्राहकांचे पॅटर्न तीत नोंदले आहेत का, हे विचारून घ्यावे. बंद काळातला बुडालेला नफा तीत येत नाही. त्याची तजवीज वेगळी.

यंत्रांची बिले, स्टॉक स्टेटमेंट आणि फोटो यांची प्रत घरी ठेवावी. धक्का बसल्यावर आधी विमा कंपनीला कळवावे. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत मोडके यंत्र भंगारात घालू नये. कोयना आणि किल्लारी, दोन्ही भूकंप पहाटेचे. तेव्हा भट्टी चालू असताना काय बंद करायचे, हे रात्रपाळीच्या कामगारांना आधीच शिकवून ठेवावे.