भिंतीची ओल आणि मुलांचा श्वास

कोकणातील घरांच्या भिंती आषाढ-श्रावणात पाझरू लागतात. कावेरीकाठच्या तामिळ प्रदेशात मात्र मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत येतो. तंजावरच्या मराठी राजवटीपासून त्या मुलखात मराठी कुटुंबेही नांदत आली आहेत. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातील गृहिणी असो वा रत्नागिरीची, त्या दिवसांतील दोघींची तक्रार एकच: खोल्यांना कुबट वास येतो, कपाटामागे काळे ठिपके उमटतात आणि मुलांचा खोकला काही केल्या थांबत नाही.

हे ठिपके म्हणजे बुरशी होय. तिचे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म बीजकण हवेत सदैव तरंगत असतात. ओलावा मिळाला की एक-दोन दिवसांतच ते रुजू लागतात. मुलांच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेतात. त्यामुळे हे कण त्यांना लवकर बाधतात. शिंका, खोकला, छातीत घरघर ही लक्षणे दिसतात आणि मुळात दमा असल्यास तो बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल व बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, ती याच कारणाने.

हे दुखणे क्षुल्लक मानू नये. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक बालक दगावले. घरातील बुरशीच्या दीर्घ सहवासाने जडलेला श्वसनविकार हे मृत्यूचे कारण असल्याचे २०२२ साली चौकशीअंती ठरले. वडिलांनी पूर्वीच तक्रार केली होती. डागांवर रंग लावा, एवढाच सल्ला त्यांना मिळाला होता. पुढे २०२३ साली तेथे याविषयी कायदाच करण्यात आला.

रंगाने डाग झाकतो, ओल जात नाही. म्हणून प्रथम पाणी कोठून येते याचा शोध घ्यावा. फुटके कौल, तुंबलेली पन्हळ, गळका नळ किंवा पायातून वर चढणारी ओल यांपैकी काहीतरी सापडेलच. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आतच कोंडते. तेथे चुन्याचाच गिलावा बरा. कुंभकोणमच्या जुन्या घरांत मधोमध उघडा चौक असे. त्यातून ऊन व वारा आत येत. असा चौक छपराने पुरता झाकताना हवेची वाट राखून ठेवावी.

बुरशी काढताना मुलांना दुसरीकडे न्यावे व स्वतःचे नाक-तोंड झाकावे. कोरड्या झाडूने ती झटकू नये, कण हवेत उडतात. साबणाच्या पाण्याने घासून भिंत पूर्ण कोरडी करावी. ब्लीचिंग पावडर वापरल्यास तिच्यात आम्ल मिसळू नये. विषारी वायू निर्माण होतो. बुरशी धरलेली गादी टाकून द्यावी. कपाटे भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत, निजण्याच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नयेत आणि स्वयंपाकाची वाफ बाहेर जाऊ द्यावी.

प्रत्येक खोकल्याचे मूळ बुरशीतच असते असे मात्र नाही. चुलीचा, विडीचा व डासांच्या उदबत्तीचा धूरही तितकाच त्रासदायक असतो. मूल स्वस्थ असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरल्यास, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असल्यास, घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना गाठावे. त्यांना मुलाच्या खोकल्याबरोबर घराच्या भिंतींविषयीही सांगावे.

पाऊस ओसरताच पहिल्या स्वच्छ उन्हात अंथरूण-पांघरूण बाहेर काढा, कपाटे पुढे सरकवा आणि त्यांच्यामागची भिंत एकदा हाताने चाचपून पाहा.