हंड्यातल्या गढूळ पाण्याचे शास्त्र आणि आपली मुले

या सदरात आम्ही एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, मंडळाचे हिशोब असे विषय घेतो. या वेळी जरा वेगळी वाट धरली आहे. कर्जत-खालापूर भागातील आपल्या वस्त्यांमधून मुले-मुली आता रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. होत आहेत. त्यातले कोणी "पुढे संशोधन करतो" म्हणाले की घरात वडीलधारी माणसे विचारतात, "म्हणजे नेमके काय करणार? आणि हातात पगार कधी येणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे, दिवसभर कारकुनी करणारे. तरी जे समजून घेतले ते रसायनशास्त्राच्या एका शाखेचे उदाहरण देऊन मांडतो.

मीठ पाण्यात टाकले तर विरघळते, वाळू टाकली तर तळाला बसते. पण या दोहोंच्या मधली एक अवस्था आहे. तिच्यात कण इतके बारीक असतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पूर्ण विरघळतही नाहीत. नुसते तरंगत राहतात. शाळेच्या पुस्तकात त्याला कलिल म्हणतात, इंग्रजीत कोलॉइड. हे नाव थॉमस ग्रॅहम या शास्त्रज्ञाने १८६१ साली दिले. दूध हे कलिल, भाताची पेज हे कलिल, भिंतीचा रंग आणि पेनातली काही प्रकारची शाईसुद्धा कलिलच. खोपोलीहून बोरघाट चढताना धुक्यात ट्रकच्या दिव्यांचा झोत सरळ काठीसारखा दिसतो, तोही हवेतल्या पाण्याच्या बारीक थेंबांमुळे. आणि जिथे दोन पदार्थ एकमेकांना भिडतात, म्हणजे पाणी व तेल, पाणी व हवा, त्या सीमेला आंतरपृष्ठ म्हणतात. साबणाचे सारे काम याच सीमेवर चालते.

आषाढात उल्हास आणि पाताळगंगा लाल होऊन वाहतात. ते पाणी हंड्यात रात्रभर ठेवले तरी पुरते नितळ होत नाही. कारण मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर लोटतात व खाली बसत नाहीत. आपल्या आया-आजी पाण्यात तुरटी फिरवत आल्या. तुरटीतले अ‍ॅल्युमिनियम तो भार मारते, कण एकमेकांना चिकटतात, गोळे होऊन तळाला जातात. नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातही मूळ क्रिया हीच. मात्र भगिनींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुरटीने पाणी नितळ होते, पण त्यातले सर्व रोगजंतू मरत नाहीत. म्हणून वरचे नितळ पाणी उकळूनच प्यावे.

पाणी कशाने घाण होते, हे शास्त्र मोजून सांगते. याच आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा सनातन्यांनी तळे बाटले म्हणून त्यात शेण-गोमूत्र ओतून 'शुद्धी' केली. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटल्याचे दाखवणारे यंत्र जगातल्या कुठल्याच प्रयोगशाळेत नाही. शेणाने पाणी गढूळ होते, हे मात्र शाळकरी पोरही दाखवून देईल.

आता संशोधन म्हणजे काय ते पाहू. प्रयोग करायचा, मोजमाप घ्यायचे, ते लिहून त्या विषयाच्या नियतकालिकाकडे पाठवायचे. तिथे त्याच विषयातले जाणकार ते तपासतात, शंका काढतात, दुरुस्त्या सांगतात, आणि पटले तरच छापतात. कलिलाच्या विषयात असे एक जुने नियतकालिक 'जर्नल ऑफ कोलॉइड अँड इंटरफेस सायन्स' हे आहे. ते १९४६ साली सुरू झाले, तेव्हा नावात फक्त कोलॉइड होते. 'इंटरफेस' हा शब्द १९६६ साली जोडला गेला. अमेरिकन केमिकल सोसायटीचे 'लँगमुईर' १९८५ साली निघाले.

हे सारे साहेबलोकांचे काम, असे कोणी म्हणेल. त्याने आग्नेस पॉकेल्स या बाईंची हकीकत ऐकावी. जर्मनीत ब्राउनश्वाइग शहरात त्या राहत. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. आजारी आईबापांची सेवा आणि स्वयंपाकघर यात त्यांचा दिवस जाई. भांडी धुण्याच्या पाण्यावरील तेलकट थराने पाण्याचा वरचा ताण कसा बदलतो, हे त्यांनी घरीच पत्र्याचे लांबट भांडे, पत्र्याची पट्टी आणि साधा तराजू घेऊन मोजले. १८९१ साली त्यांनी आपली टिपणे इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवली. रॅले यांनी ते पत्र इंग्रजीत करवून 'नेचर' या नियतकालिकाकडे शिफारशीसह पाठवले, आणि ते छापून आले. पुढे याच धर्तीच्या भांड्यावर काम वाढवणाऱ्या आयर्विंग लँगमुईर यांना १९३२ साली नोबेल मिळाले. पॉकेल्सबाईंना त्याच वर्षी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, मानद डॉक्टरेट मिळाली. दार बंद केले म्हणून बुद्धी बंद होत नाही, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. बाबासाहेबांनीही कोलंबिया विद्यापीठात १९१६ साली वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध १९१७ साली 'इंडियन अँटिक्वरी' या संशोधन नियतकालिकातच छापून आणला होता.

पूर्वी या शाखेत साबण, रंग, रबर, कागद यांवर पुष्कळ काम होई. आज त्या नियतकालिकात बॅटरीचे पदार्थ, पाण्यापासून हायड्रोजन, औषध नेमके जागेवर पोहोचवणारे सूक्ष्म कण, आणि सांडपाण्यातला रंग व विषारी धातू शोषून घेणारे पदार्थ यांवर लेख असतात. चीनमधील संशोधकांचे लेख फार मोठ्या संख्येने येतात. आपल्याकडेही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी गवती चहाच्या अर्कापासून सोन्याचे त्रिकोणी सूक्ष्म कण बनवल्याचे काम २००४ साली 'नेचर मटेरियल्स'मध्ये छापून आले. चहात टाकतो तोच गवती चहा!

परंतु आमचे एक म्हणणे आहे. पाणी शुद्ध करणारे शेकडो पदार्थ कागदावर छापले जातात, त्यांतले फार थोडे नळापर्यंत पोहोचतात. खालापूर तालुक्यात रसायनांचे कारखाने आहेत. नाल्यावर फेस दिसला की तो कशाचा, हे विचारणारा शिकलेला माणूस वस्तीत हवा. नाल्याकाठी राहणाऱ्या घरातून संशोधक निघाला, तर त्याचा पहिला प्रश्न तोच असेल.

आता पैशाची बाजू. ही नियतकालिके भारी महाग आहेत. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. पण ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. खाजगी संस्थेच्या कॉलेजातल्या मुलाने आपले कॉलेज त्यात येते का, हे ग्रंथपालांना विचारावे. नसेल तर लेखकालाच नम्रपणे ई-मेल करावा. पुष्कळ लेखक आपला लेख विनामूल्य पाठवतात.

दुसरे, फसवणुकीपासून सावध राहा. पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापून देणारी नियतकालिके बोकाळली आहेत. नामवंत नियतकालिकांतही लेख सर्वांना फुकट वाचायला खुला ठेवायचा तर हजारो डॉलर शुल्क असू शकते, पण तिथे तपासणी चुकत नाही. जिथे तपासणीच नाही आणि फक्त पावती आहे, तिथे आईबापांचे कष्टाचे पैसे घालू नयेत. छापले आहे म्हणून खरे मानू नका, पारखून घ्या, ही तर तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आहे.

पगाराच्या प्रश्नाचे उत्तर असे. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना पीएच.डी.साठी पुण्याची बार्टी संस्था अधिछात्रवृत्ती देते. केंद्र सरकारचीही अधिछात्रवृत्ती आहे. ती वेळेवर मिळावी म्हणून मुलांना आंदोलने करावी लागली, हेही खरे. म्हणून अर्जाची जाहिरात निघण्यापूर्वीच जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा.

आपण मोक्याच्या जागी आहोत. कर्जतहून गाडी घाट चढली की पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आणि लोकल खाली गेली की माटुंग्याची १९३३ साली स्थापन झालेली रसायन तंत्रज्ञान संस्था. रोज हजारो माणसे या गाड्यांनी मजुरीला, ड्यूटीला जातात. त्याच गाडीत आपली एक लेक प्रयोगवही घेऊन बसली, तर घरच्यांनी तिला चार वर्षे आणखी सांभाळावे. लग्नाची घाई करू नये.

जयभीम!