चाळीस डबे आणि एक पेन ड्राइव्ह

"तुमचं काय बुवा, तिकडे अमेरिकेत पैसा आहे!" कॉलेजातल्या चाळीस संगणकांवर विंडोज टाकायला चाळीस वेळा पेन ड्राइव्ह कशाला फिरवता, असं भारतातल्या मित्रांना विचारलं की हे वाक्य ठरलेलं. मंडळी, आज या वाक्याचाच समाचार घ्यायचा आहे.

पैसा लागतो कुठे ते तरी सांगा! पीएक्सई, म्हणजे सीडी किंवा पेन ड्राइव्ह न लावता संगणक थेट नेटवर्कवरून सुरू करायची सोय. इंटेलने तिची २.१ ही आवृत्ती १९९९ साली काढली. हापिस-कॉलेजातल्या बहुतेक डेस्कटॉपांत ती आयतीच असते, फक्त बायोसमध्ये जाऊन चालू करायची. मग नेटवर्क कार्ड हाक मारतं, डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि पहिली छोटी फाइल कुठे आहे ते सांगतो. ती फाइल आली की पुढचं काम तिचं: नीट तयार केलेल्या एका संगणकाची आख्खी इमेज बाकीच्यांवर उतरवायची.

सॉफ्टवेअर? 'फॉग' फुकट. 'क्लोनझिला'ही फुकट, आणि तो अमेरिकेचा नाहीच, तैवानच्या सरकारी महासंगणन केंद्रात तयार झालाय. ४१ संगणकांवर ५.६ जीबीची इमेज सुमारे १० मिनिटांत गेली, असं ती मंडळी सांगतात. यातली गोम म्हणजे मल्टिकास्ट. २० जीबीची इमेज चाळीस जणांना वेगवेगळी द्यायची तर सर्व्हरच्या एकाच केबलमधून ८०० जीबी जाणार. गिगाबिट नेटवर्कवरही दोन तास सहज. मल्टिकास्टमध्ये गुरुजी धडा एकदाच वाचतात आणि सगळा वर्ग उतरवून घेतो.

आता नेहमीचे आक्षेप. लायसन्सचं काय? ते पेन ड्राइव्हनेही लागतंच. चुकून सगळ्यांच्या डिस्क पुसल्या तर? बूट मेन्यूत पहिला पर्याय स्वतःच्या डिस्कचा ठेवा आणि लॅबचं नेटवर्क वेगळं करा. कॉलेजच्या डीएचसीपीशी भांडणही होणार नाही. यंत्रं वेगवेगळी आहेत? प्रत्येक मॉडेलची एक इमेज ठेवा. आणि विंडोजची इमेज घेण्याआधी सिसप्रेप चालवा, म्हणजे प्रत्येक डब्याला स्वतःची ओळख मिळेल. वायफायवर मात्र हे जमत नाही, केबल हवीच. बस्स, एवढंच.

खरं कारण वेगळं आहे आणि ते कुणी बोलत नाही. "लॅब असिस्टंट आहे की, करेल दोन दिवस बसून!" इथे तंत्रज्ञाचा तास महाग, म्हणून साहेब लोक झक मारत ही विद्या शिकले. त्यात अमेरिकेचा मोठेपणा काही नाही. आपल्याकडे त्या माणसाचे दोन दिवस कुठल्याच हिशेबात धरत नाहीत. पोरांची बुडालेली प्रॅक्टिकल्सही नाहीत. आणि काम एवढं कंटाळवाणं की डबा पार मरेपर्यंत कुणी त्याला हात लावत नाही. तोवर दारावर 'लॅब बंद' आणि आत व्हायरसांचं संमेलन. बरं, ज्या पेन ड्राइव्हच्या भरवशावर बसलात, त्याच वाटेने २००८-०९ साली कॉन्फिकर जगभर फिरला होता!

हेच काम तासाभराचं झालं तर प्रत्येक परीक्षेआधी लॅब कोरी करकरीत करता येईल. वर्षभर कुणीही काहीही बिघडवो, विद्यार्थ्यांना खुशाल मोडतोड करून शिकू द्या. संगणक शिकायचा तर तो बिघडवायची मुभा नको का?

एक जुना पीसी, एक स्विच, चार केबल आणि एक रविवार. पहिल्यांदा जमायला थोडी डोकेफोड होईल, ती करा. आणि करायची नसेल, तर निदान पैशाचं नाव पुढे करू नका. आमच्या माणसाच्या वेळेला आम्ही किंमत देत नाही, असं सरळ म्हणा.