वाटाण्याचा अंकुर आणि जळणारी लंका

कीर्तनाला जाऊन घरी परतताना बुवांचा फेटा किती वारांचा होता आणि पेटीवाला कसा चुकला, एवढेच बोलणारे श्रोते आपण पाहिलेले आहेत. उत्तररंगात बुवांनी काय सांगितले, हे त्यांना विचारू नये. दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांच्या चाहत्यांचे वाद ऐकताना मला नेहमी या श्रोत्यांची आठवण होते. नाशिकमध्ये साहित्याच्या विद्यार्थ्यांत बसले की हा विषय हटकून निघतो, आवाज चढतात, आणि तासाभराने लक्षात येते की मालिकेतल्या माणसांचा उल्लेख एकदाही झालेला नाही.

या वादात दोन पक्ष असतात. पहिला पक्ष दृश्यचमत्काराचा. परदेशी मालिकांतली याने खरी वाटतात, आपली खेळण्यातली दिसतात. सबब आपल्या मालिका टाकाऊ. दुसरा पक्ष स्वतःला अधिक शहाणा समजतो. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज कसा ऐकू आला, यानाला वळायला हवा कुठून मिळाली, अशा चुकांची तो यादी करतो आणि यादीच्या लांबीवरून दर्जा ठरवतो. माझे म्हणणे असे की हे दोन्ही पक्ष एकाच चुकीचे भागीदार आहेत. दोघेही यंत्राकडे पाहतात. यंत्रामुळे माणसाचे काय झाले, याकडे पाहत नाहीत.

पहिल्या पक्षाला त्याच्याच दैवताची साक्ष काढून उत्तर देता येते. १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत चाललेली 'स्टार ट्रेक' पुढे आपल्या दूरदर्शनवरही आली. तिच्यातले खडक खोटे आहेत, हे शेंबडे पोरही ओळखेल. माणसाला यानातून नाहीसे करून ग्रहावर उमटवणारे तिचे प्रसिद्ध यंत्र तर काटकसरीतून जन्मले: दर आठवड्याला यान उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते. तरीही १९६९ मधला एक भाग विसरता येत नाही. एकाच ग्रहावरचे दोघे. दोघांचेही चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी, आणि एवढ्या भेदापायी त्यांचा अख्खा ग्रह मरून पडलेला. हे कळल्यावरही ते एकमेकांचा पाठलाग सोडत नाहीत. निर्मात्याचा खर्च काय, तर दोन रंगांच्या डब्या.

आता आपल्याकडे या. १९९८ साली दूरदर्शनवर आलेल्या 'कॅप्टन व्योम'चे कौतुक आजही होते. केतन मेहतांसारखा दिग्दर्शक, मिलिंद सोमण नायक, आणि त्या काळाच्या मानाने संगणकीय दृश्यांचा मोठा खटाटोप. पण एक साधी कसोटी लावून पाहा. अंतराळयानाच्या जागी पोलिसांची जीप ठेवा, आणि निसटलेल्या गुन्हेगारांना ग्रहोग्रही धुंडाळण्याऐवजी तालुकोतालुकी धुंडाळू द्या. कथेचे काय बिघडते? काहीही नाही. ज्या कथेतून विज्ञान काढून घेतले तरी ती उभीच राहते, तिच्यात विज्ञान मुळात नव्हतेच. होता तो पेहराव. १९९७ पासून काही वर्षे घरोघरी पाहिल्या गेलेल्या 'शक्तिमान'लाही पुष्कळ जण या प्रकारात बसवतात. तिथे नायकाची शक्ती योगसाधनेतून येते आणि प्रयोगशाळेत बसणारा डॉक्टर जॅकाल खलपुरुषाच्या चाकरीत असतो. विज्ञानाविषयीची ही भूमिका मांडण्याचा निर्मात्यांना अधिकार आहे. तिला विज्ञानकाल्पनिका म्हणण्याचे आपल्यावर बंधन नाही.

हे असे का झाले, याचा धागा शोधायला नाशिककरांना फार लांब जावे लागत नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि १९१३ मध्ये आपला कारखाना नाशकात आणणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी एक चिमुकला चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरायचा आणि त्याच्या वाढीची चौकट-चौकट चित्रे दिवसामागून दिवस घेत राहायचे. पडद्यावर मात्र रोप क्षणार्धात वर येते. इथे युक्ती आणि विचार वेगळे काढता येत नाहीत. जे डोळ्यांसमोर घडत असूनही डोळ्यांना दिसत नाही, ते यंत्राने दाखवले. पाहणाऱ्याची काळाविषयीची समजूतच हलली. नंतर १९१७ मध्ये त्याच फाळक्यांनी 'लंकादहन' केला. लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि त्यातली कारागिरी थोर होतीच. पण तिथे युक्ती प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेली, आधीच मान्य असलेली गोष्ट सजवून दाखवते. हनुमान उडतो, हा सिद्धान्त घरून आणलेला. चित्रपटगृहात फक्त तो किती छान उडतो हे पाहायचे. फाळक्यांना यात दोष नाही, पौराणिक चित्रपटाचे ते कामच आहे. दोष आपला, की आपल्या विज्ञानमालिका वाटाण्याच्या वंशात न जन्मता लंकेच्या वंशात जन्मल्या, आणि आपले चाहतेही उड्डाणाचेच गुण देत बसले.

दुसरा पक्ष इथे जयंत नारळीकरांना मदतीला बोलावील. विज्ञानकथेतले विज्ञान पक्के असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, हे खरे आहे. पण आग्रह आणि कसोटी यांत फरक आहे. व्याकरण शुद्ध असावे हा आग्रह योग्यच. म्हणून शुद्ध व्याकरणाची प्रत्येक ओळ कविता होत नाही. नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा पाहा. पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूला शास्त्रज्ञ अण्वस्त्राच्या साह्याने बाजूला सारतात. एखादा सामान्य लेखक इथे थांबला असता. कथेचा खरा घाव पुढे आहे: ज्या हौशी निरीक्षकाने तो धूमकेतू शोधला, त्याच्याच घरी अरिष्टनिवारणार्थ यज्ञ झालेला असतो, आणि संकट त्या यज्ञाने टळले असे घरच्यांना वाटते. या कथेची मालिका उद्या झाली, तर एक पक्ष स्फोट कसा दिसला ते विचारील, दुसरा धूमकेतूच्या कक्षेचे गणित तपासील. त्या घरातल्या संभाषणाविषयी कोण बोलणार? जिथे शांतिकर्मांसाठी देशभरातून माणसे येतात, त्या त्र्यंबकेश्वराच्या पंचक्रोशीत तरी कोणी बोलावे.

पैशांची सबबही टिकत नाही. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा इंग्रजी रूपात अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातून देशभरच्या मुलांपर्यंत पोहोचली. मराठे पानिपत जिंकले असते तर, या एका 'तर'वर ती उभी आहे. चित्रीकरणाला लागते काय? एक आगगाडी, मुंबईतले एक ग्रंथालय, आझाद मैदान आणि बखरीचे एक पान. मैदानावरच्या व्यासपीठाची अध्यक्षीय खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलेली, कारण त्या जगातले श्रोते अध्यक्षांना कंटाळले आहेत; गंगाधरपंत सवयीने तिच्यावर जाऊन बसतात आणि गहजब होतो. इतका नाट्यमय, विनोदी आणि स्वस्त प्रसंग हाताशी असताना आपण अंतराळयानांच्या किमतीचे रडगाणे गात आलो.

आणि आता आपल्याविषयी, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या व शिकवणाऱ्यांविषयी. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपद नारळीकरांकडे होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. मे २०२५ मध्ये ते गेले. विज्ञानकथेला मराठीने हा मान दिला, हे चांगलेच झाले. पण मान देणे सोपे असते, वाचणे अवघड. आपल्या वर्गात विज्ञानकथा हा एक 'प्रवाह' असतो, सत्राच्या शेवटी उरलेल्या तासिकेत उरकायचा. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकाल्पनिकेला तर आपण समीक्षेच्या उंबऱ्याशीही उभे केलेले नाही. पात्राचे परिवर्तन, घटनेची अपरिहार्यता, गृहीतकाशी इमान हे शब्द आपण नाटक-कादंबरीसाठी राखून ठेवले. मग त्या पोरांनी याने मोजली तर त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला कुठून येतो? मोजपट्टी आपल्याकडे होती. ती आपण कपाटात ठेवली.

म्हणून भांडण थांबवा, असे मी म्हणणार नाही. उलट नीट भांडा. पुढच्या वेळी एखादी मालिका संपली की दोनच प्रश्न विचारा: हिच्यातले विज्ञान काढून घेतले तर गोष्ट उरते का? आणि ते ठेवले, तर त्यामुळे कोणाचे आयुष्य, कोणाची श्रद्धा, कोणाचे घर बदलले? पहिल्याचे उत्तर 'उरते' असेल, तर दुसरा विचारण्याची गरज नाही. आणि स्फोट कितीही नेत्रदीपक असोत, ती मालिका सुमार आहे असे निःसंकोच म्हणावे.